डावखुरा हिरो

यंदा जयंतीला आमच्या सोसायटीजवळच्या मैदानात भलामोठा एलईडीचा पडदा लावला होता, आणि त्याच्या मागं बसायला जागा आहे का ते मी सवयीनं बघून आले. मागं काहीच नव्हतं. म्हणजे लोखंडी सांगाडा होता, वायरींचं भेंडोळं होतं आणि एक ऑपरेटर खुर्ची टाकून मोबाइल बघत बसला होता. "काकू, काही हरवलं का?" त्यानं विचारलं. म्हटलं, "नाही रे, चित्र कुठून दिसतं ते बघत होते." "पुढून," तो म्हणाला, आणि जरा काळजीनं माझ्याकडं बघत राहिला. साठी उलटलेली बाई पडद्यामागं चित्र शोधत आली तर त्यानं तरी दुसरं काय करावं?

एप्रिल आला की मला अजून दोन वास येतात, ओल्या चुन्याचा आणि कोळशाच्या राखेचा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा उतरवायच्या कामावर होते. जवळच्याच वस्तीत आम्ही राहायचो. वस्तीतली बहुतेक घरं आमच्यासारखी बौद्ध, आणि प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी केंद्रात कामाला. चिमणीची राख पिठासारखी बारीक. ती वाळत घातलेल्या धुण्यावर बसायची, पापडांवर बसायची, परीक्षेला जाताना चापूनचोपून घातलेल्या वेणीवरही बसायची. वार्षिक परीक्षा उरकत आली की जयंतीची तयारी सुरू. दारोदारी निळ्या पताका, भिंतींना चुना, चुन्यात थोडी नीळ. आईचा हात निळीला सैल होता. त्यामुळं आमचं घर आठवडाभर आभाळाच्या रंगाचं दिसायचं आणि मग राखेनं हळूहळू मूळपदावर यायचं.

जयंतीच्या पंधरवड्यात एक दिवस जलसा आणि एक दिवस पिक्चर, हा आमच्याकडचा रिवाज. मैदानाच्या बरोबर मध्ये दोन बांबू रोवून पांढरा कापडी पडदा बांधत. प्रोजेक्टर असायचा ती पुढची बाजू. तिथं पाहुण्यांच्या, साहेबांच्या आणि गुरुजींच्या खुर्च्या, त्यांच्यामागं सतरंज्यांवर पुरुषमंडळी. पडद्याच्या पलीकडं बायका आणि लहान पोरं. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पुढं गर्दी होते म्हणून कधीतरी दोनचार बायका मागं जाऊन बसल्या असतील. तिथं पाय पसरून बसता येतं, पोराला पाजता येतं, डोक्यावरचा पदर घसरला तरी कुणी बघत नाही, हे कळल्यावर त्यांनी ती बाजू सोडलीच नाही. भोंग्यांची तोंडं पुढं असल्यामुळं मागं आवाज जरा दबका यायचा. चित्र मात्र सगळं दिसायचं. फक्त उलटं, आरशातल्यासारखं. सुरुवातीची नावं उलटी यायची, आणि मला वाचता यायला लागल्यापासून ती खटकायची. आईची आणि तिच्या बरोबरीच्या बायकांची अक्षराशी ओळखच नव्हती, त्यामुळं त्यांचं काही बिघडत नव्हतं.

सिनेमा-नाटकातलं मला फार कळतं अशातला भाग नाही. वर्षाकाठी चारसहा पिक्चर, नोकरीला लागल्यावर नाशकातल्या हॉलमध्ये एखादं नाटक, देवळाली कॅम्पात मैत्रिणीकडं गेले तर तिथला एखादा गाण्याचा कार्यक्रम, एवढीच माझी मजल. पण मतं ठाम आहेत. मध्यंतराआधीचा सिनेमा मला मध्यंतरानंतरच्यापेक्षा नेहमी बरा वाटतो, कारण तोवर कुणाला शेवटाची घाई झालेली नसते. रडणारा हिरो मला चालतो, रडताना केस सांभाळणारा चालत नाही. नाटक आवडतं ते एवढ्यासाठी की मेलेली माणसं शेवटी उठून एका ओळीत उभी राहतात आणि नमस्कार करतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंना वाटलं, नाटक फारच मनाला लागलं हिच्या. आणि ज्या सिनेमात कुणीच कधी कामावर जात नाही, त्या सिनेमावर माझा विश्वास बसत नाही.

हे शेवटचं मत माझं नाही, आईचं आहे. खरं सांगायचं तर माझी निम्मी मतं तिचीच उचललेली आहेत. पिक्चरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिचा दरबार भरायचा. हंडे रांगेत आणि बायका रांगेबाहेर, आईभोवती. "गरिबाचं घर म्हणं, अन् फळीवर भांडी बघा किती! आपल्या अख्ख्या लाइनीत नायत एवढी." नाहीतर, "सगळ्यांत कामाचा माणूस कोण, तर त्यो व्हिलन. रोज येळेवर येतो, काय ना काय उरकून जातो. बाकी समदे नुसते फिरतात." जलशालाही ती सोडायची नाही. "गाणारा लय चांगला हाय. पण पेटीवाला त्याच्या म्होरं पळतो. बस धरायची आसंल त्याला." नळाचं पाणी जायचं तरी बायका हलायच्या नाहीत. आमच्या शेजारच्या कमळामावशी म्हणायच्या, "वच्छे, पिच्चर रातीच बघितला खरा, पण कळला आत्ता." आई हसायची नाही. हंडा डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायची, पण चाल वेगळी असायची त्या दिवशी.

आता माझ्या हाताचं सांगायला हवं. मी डावखुरी. घास डाव्या हातानं, पाटीवरची रेघ डाव्या हातानं. दादा मला ताटावरून उठवायचे. "लोकाच्या घरी जायचंय हिला," असं म्हणायचे, तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिसरीच्या वर्गात गुरुजींनी माझा डावा हात रुमालानं बाकाला बांधायला सुरुवात केली. गुरुजी मारकुटे नव्हते, उलट मायाळूच होते. पोरीचं अक्षर सुधारावं, पुढं हिला कुणी हसू नये, असं त्यांना मनापासून वाटायचं. रुमालही मऊ असायचा. पण मी उजव्या हातात पेन्सिल धरून बसायची आणि दोन महिने पाटीवर नुसती ओरखड्यांची जत्रा. घरी आले की मनगट चोळत रडायची. आई बघायची, आणि काय करावं ते तिला सुचायचं नाही, कारण शाळा हा तिचा प्रांत नव्हता.

त्या साली जयंतीला आणलेल्या पिक्चरमधला हिरो ट्रक ड्रायव्हर होता. त्याची आई आंधळी. तो कामावरून यायचा, हात धुवायचा आणि आईला भाकरीचा घास भरवायचा. डाव्या हातानं. पोलीस ठाण्यात सही केली, तीही डाव्या हातानं. मी आईच्या मांडीवर पेंगत होते. तिनं मला गदागदा हलवून उठवलं. "नंदे, बघ. बघ त्यो कोणत्या हातानं भरवतो." खरं तर त्या बाजूनं वर्षानुवर्षं सगळेच डावखुरे होते, पोलीसही आणि वकीलही. पण तोवर आईला कुणाचे हात बघायचं कारण पडलं नव्हतं.

एप्रिलमुळं शाळा सकाळची होती. आई दुसऱ्या दिवशी माझ्यामागोमाग आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. शाळेत यायची तिची ती पहिलीच वेळ. "गुरुजी, कालचा पिच्चर बघितला का तुम्ही?"

"बघितला की."

"मग? एवढा मोठा हिरो, आईला डाव्या हातानं भरवतो. तिला चालतं, साऱ्या दुनियेला चालतं. माझ्या पोरीचाच हात का म्हणून बांधता?"

गुरुजी काहीतरी बोलणार होते. त्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग बाकापाशी आले आणि रुमाल सोडला. त्याची नीट घडी घातली, खिशात ठेवली. "लिही," मला म्हणाले. घरी आईनं दादांनाही हाच दाखला दिला. दादांची आदल्या दिवशी दुपारपाळी होती, त्यांनी पिक्चर बघितलेलाच नव्हता, त्यामुळं त्यांना वाद घालता येईना. त्या दिवसापासून माझा हात माझा झाला.

मला लिहायचं होतं ते त्यानंतर सात वर्षांनी आलेल्या एप्रिलबद्दल. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. पेपर चांगले गेले होते, अक्षराचं तर सगळे कौतुक करायचे, आणि शहाणपणा माझ्या अंगात मावत नव्हता. तेवढ्यात तोच ट्रक ड्रायव्हरचा पिक्चर नाशकात मॅटिनीला पुन्हा लागला. आईनं जन्मात थिएटर बघितलं नव्हतं. मी दादांच्या मागं लागून परवानगी काढली. आईनं जयंतीसाठी ठेवलेली साडी चार दिवस आधीच नेसली. आम्ही एसटीनं नाशिकरोडला आणि तिथून दुसऱ्या बसनं शहरात गेलो. थिएटरातली खुर्ची आपोआप मिटते हे तिला ठाऊक नव्हतं. ती सगळा वेळ खुर्चीच्या काठावर, पाठ ताठ ठेवून बसली होती. पडद्यावर नावं आली, सुलटी, आणि मी ती तिला मोठ्या ऐटीत वाचून दाखवली.

हिरो घरी आला, हात धुतले, घास भरवला. उजव्या हातानं.

"ह्यो त्यो नाय," आई म्हणाली.

मी म्हटलं, "गप ना आई."

मग पोलीस ठाणं आलं, सही आली. आई खुर्चीतून अर्धी उठली. "नंदे, माणूस बदलला ह्यांनी. त्यो डावखुरा व्हता. सगळ्यांनी बघितलंय." पुढच्या रांगेतली पोरं वळून हसायला लागली. त्यांतला एक म्हणाला, "मावशी, तुमचा हिरो घरीच राहिला का?" पुन्हा हशा. मी पंधरा वर्षांची होते, माझे कान तापले. आणि मी बोलले. नुसत्या तिला नाही, त्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "आई, तू सगळे पिक्चर पडद्याच्या मागून बघितलेस. तुला सगळं उलटंच दिसलं. डावखुराबिवखुरा कुणी नव्हता."

ती खाली बसली. उरलेला पिक्चर तिनं बघितला, पण चेहरे नाही बघितले. हिरोचे, पोलिसांचे, वकिलांचे, सगळ्यांचे हात तेवढे बघत राहिली.

बाहेर आल्यावर तिला गोदावरीकडं जायचं होतं. आम्ही चालत गेलो. उन्हं कलली होती. पंचवटीच्या बाजूला भाजीबाजारात गलका चालला होता, द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या होत्या. मी एक घड घेतला. आई घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती.

"मागनं उलटं दिसतं, हे साऱ्यांना ठाऊक हाय?" तिनं विचारलं.

"ज्यांना वाचता येतं त्यांना कळतंच," मी म्हटलं.

"गुरुजींना?"

"ते तर पुढंच बसतात, खुर्चीवर."

तिनं पाण्यातले पाय वर घेतले. "म्हंजी साऱ्या वर्गाम्होरं मी त्यांना खोटं सांगून आले."

माझ्या हातात द्राक्षं होती. डाव्या हातात. तो हात कुणी सोडवला होता हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. नाही आठवलं. मी तिला म्हटलं, द्राक्षं गोड आहेत, घे.

त्या आठवड्यात आईनं चुन्यात नीळ बेतानं टाकली. जलसा झाला, चांगला झाला, पेटीवाला नेहमीसारखा पुढं पळाला. सकाळी नळावर बायका हंडे ठेवून थांबल्या. आईनं आपला हंडा लावला, भरला आणि उचलला. कमळामावशींनी विचारलं, "का गं, कसा झाला जलसा?" आई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी पाठीमागं घागर घेऊन उभी होते. ते वाक्य मी ऐकलं आणि आपण काय करून बसलो ते मला कळलं. आजवर तिला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. तरी तिच्यापाशी स्वतःची अशी मतं होती, ती सांगायचा धीर होता, आणि मी एका वाक्यात तो घालवला होता. तोही कुणासाठी, तर ओळखीच्यादेखील नसलेल्या चार पोरांसाठी. माफी मागावी असं रोज वाटायचं. पण आमच्याकडं पोरं आईची माफी मागत नसत, मागायची कशी तेच माहीत नव्हतं. मी आपली न सांगता भांडी घासायला लागले.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी पुढं सरकारी कचेरीत चिकटले, डाव्या हातानं हजारो कागदांवर सह्या केल्या. पुष्कळ पिक्चर बघितले, सगळे पुढून. एखाद्या वेळी बरोबरच्या कुणाला मी फार ठासून काही समजावायला लागते आणि मध्येच थांबते. समोरच्याला वाटतं, बाई विसरल्या.

तर त्या एप्रिलमध्ये, मैदानातल्या पिक्चरच्या दोन दिवस आधी, आई सकाळी पदर खोचून म्हणाली, "चल." कुठं ते सांगितलं नाही. आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजी ओट्यावर परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. आम्हाला बघून उठले, आत चहा सांगितला. आई बसली नाही.

"गुरुजी, मी त्या वक्ताला चुकीचं सांगितलं. त्यो हिरो उजव्याच हाताचा हाय. मी मागं बसले व्हते."

गुरुजी म्हणाले, "मला ठाऊक होतं ताई. मी पुढं बसलो होतो."

"मग बोलला का नाय तवा?"

गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. "बोलणार होतो. मग हिच्याकडं बघितलं. दोन महिन्यांत हिनं एक ओळ धड लिहिली नव्हती. हिरो कोणत्या हाताचा, हे सांगून मला काय मिळणार होतं?" चष्मा परत चढवून म्हणाले, "हात बांधायला नको होता मी. तुम्ही ते सांगायला आला होतात, आणि त्यात काही खोटं नव्हतं."

आईनं मान हलवली. मग ओट्यावर बसली आणि चहा घेतला. आम्ही परत निघालो. आमच्या वळणापाशी आल्यावर म्हणाली, "चहा लय गोड करत्यात त्यांच्यात." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

लोकांच्या मागणीवरून जयंतीच्या कमिटीनं त्या वर्षी तोच पिक्चर ठरवला होता. मी कमिटीतल्या लोकांना गाठून पुढं दोन खुर्च्या धरल्या, गुरुजींच्या ओळीत. माझ्या मनातली माफी ती एवढीच. दिवेलागणीला आईला हाताला धरून नेलं आणि बसवलं. ती बसली. आजूबाजूला बघितलं, पडद्याकडं बघितलं, मागं प्रोजेक्टरच्या उजेडात उडणारी राख बघितली. नावं सुलटी आली. हिरो आला, हात धुतले, उजव्या हातानं आईला घास भरवला. आईनं ते नीट बघितलं आणि उठली. मला वाटलं, झालं, मी पुन्हा चुकले. ती निऱ्या सावरत बांबूला वळसा घालून पलीकडं गेली. मी तिच्यामागोमाग.

मागं बायका पाय पसरून बसल्या होत्या. कमळामावशींनी सरकून जागा केली. "का गं वच्छे, खुर्चीवर करमलं नाय का?"

"करमलं की. समदं नीट दिसलं." आईनं मला शेजारी ओढलं आणि माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. थोड्या वेळानं पुन्हा हिरोचं घर आलं, भाकरी आली, डावा हात आला. आई सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिकडनं त्यो साऱ्यांसारखा दिसतो. हिकडनं माझ्या पोरीसारखा दिसतो."

मग तिनं हिरोच्या फळीकडं बोट केलं. "अन् भांडी बघ कमळे. पुढनं बी मोजून आले मी. दोन्हीकडनं तेवढीच हायेत."